आर्किटेक्चरला ॲडमिशन झालीय? मग कॉलेज सुरू व्हायच्या आधी या दुकानात जाऊन या

संभाजीनगरला बी.आर्क. करणाऱ्या आणि यंदा करायला येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय. नुसती झेरॉक्स काढायची असेल तर औरंगपुऱ्यात दुकानांची काही कमी नाही, एवढ्या आत यायची गरज नाही. हे दुकान ड्रॉइंगचं सामान, मॉडेलचं सामान आणि मोठ्या साइजच्या प्लॉटिंगचं (म्हणजे मोठ्या कागदावर ड्रॉइंग छापून घ्यायचं) आहे. बाहेरून एका शटरचं दिसतंय, आत मात्र लांबच लांब, दोन्ही बाजूला छतापर्यंत शीटा आणि बोर्ड, काउंटरवर चाचा आणि मागं प्लॉटरवर त्यांचा मुलगा, त्याला सगळी पोरं भैया म्हणतात. मी परभणी जिल्ह्यातली, सध्या शेवटच्या वर्षाला, पहिल्या वर्षापासून इथंच येतेय आणि हे दुकान नसतं तर माझं शिक्षण लई महागात पडलं असतं, पैशानं पण आणि तब्येतीनं पण.

आधी या कोर्सला काय लागतंय ते सांगते, मग दुकानाचं का एवढं कौतुक करतेय ते कळेल. पाच वर्षं, दहा सेमिस्टर, त्यातली एक ऑफिसात ट्रेनिंगची, शेवटी थिसिस, आणि मग काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी झाल्यावरच नावाला आर्किटेक्ट लावता येतं, १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टमुळं. एवढं ॲडमिशनच्या वेळी कोणी ना कोणी सांगतंच. रोजचं कसं असतंय ते कोणी सांगत नाही. आपल्याकडची बरीच पोरं लातूर पॅटर्नमधून आलेली असतात, दोन वर्षं पहाटे उठून टेस्ट सिरीज, चार पर्याय, त्यातला एक बरोबर, संपला विषय. इथं स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या तासाला, सर सांगतात की गावाबाहेरच्या फाट्यावर बसस्टॉप डिझाइन करून आणा, आणि वर्गात चाळीस जणांचे चाळीस वेगळे येतात आणि त्यातले बरेच चालू शकतात, आणि तुमचा का चालतो ते ज्युरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या सर-मॅडमसमोर, उभं राहून तुम्हालाच सांगायचं असतंय, ऊन कुठून येतं, म्हातारी बाई पिशवी घेऊन कुठं टेकेल, पाऊस आडवा आला तर काय, बस थांबली की लोक कुठून चढणार. पाठ करून येणारं यात काहीच नाही. वर्गात पहिली आलेली पोरं पहिल्या दोन महिन्यात रडताना बघितलीत मी, हुशारी कमी म्हणून नाही, बरोबर उत्तर कुठं लिहिलंय तेच सापडत नाही म्हणून.

आणि जे डोक्यात येतंय ते हातानं उतरवायचं असतंय. पहिलं वर्ष बहुतेक सगळं हातानंच, प्लॅन (वरून बघितल्यासारखं), सेक्शन (इमारत उभी कापून आतलं दाखवणारं), एलिव्हेशन (समोरून), पर्स्पेक्टिव्ह (डोळ्याला दिसतं तसं), लेटरिंग (अक्षरं), सगळं ए-वन शीटवर, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा कागद, आणि त्यावर एक रेघ चुकली की खोडलेलं लांबून दिसतंय. त्यात मॉडेल. म्हणजे वेळ लागतो, जागा लागते (हॉस्टेलच्या खोलीत तीन जणात ए-वनचा बोर्ड ठेवून बघा), आणि सामान लागतं. सामानापाशीच घरच्यांच्या खिशाला चाट बसते, कारण कॉलेजकडून लांबलचक यादी येते, घरच्यांना त्यातलं काय खरंच लागतंय ते कळत नाही, आणि बहुतेक दुकानदार यादी हातात घेऊन सगळं पॅक करून देतात.

इथं तसं होत नाही. चाचा यादी घेतात, पेन काढतात आणि अर्ध्या गोष्टींवर काट मारतात. माझ्या पप्पांसमोर मारली होती. पप्पा कापूस विकून आले होते, त्यांनी सगळं घ्यायची तयारी केली होती, आणि चाचा म्हणाले, "भाऊ, कायकू पैसे जाया करते, ये अब्बी नक्को लेव, पोरगी दुसऱ्या साली घेईल." असं अर्धं दखनी अर्धं मराठी बोलतात ते, इकडच्या जुन्या लोकांसारखं.

चाचांचं म्हणणं असं, आणि पाच वर्षानंतर मला ते पूर्ण पटलेलं आहे, की पहिल्या वर्षी पैसे ड्राफ्टर (बोर्डाला आवळून सरळ रेघा मारायचं साधन), सेटस्क्वेअर (गुण्या), स्केल, पेन्सिली आणि कटरवर घालावेत, बाकी सगळं थांबू शकतं. लॅपटॉपसुद्धा. चाचा लॅपटॉप विकत नाहीत, तरी प्रत्येक पालकाला सांगतात की ॲडमिशनच्या आठवड्यात कर्ज काढून गेमिंगचा लॅपटॉप घेऊ नका, पहिल्या सेमिस्टरला तो पोरं पिक्चर बघायलाच वापरतात. दुसऱ्या वर्षी घ्या, तेव्हा कळतं आपल्याला थ्रीडी आणि रेंडरचं (कॉम्प्युटरवर इमारतीचं खऱ्यासारखं चित्र काढायचं) काम किती करायचंय, आणि घेताना रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बघून घ्या, रंग बघून नको. ऑटोकॅड आणि रेविट ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर, ती विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून शिक्षणासाठी फुकट मिळतं, एक वर्षाचं, मग परत रिन्यू करायचं, त्यामुळं कोणाकडून क्रॅक भरून घ्यायची गरज नाही. हे मला पहिल्यांदा भैयानं सांगितलं.

जुन्या सामानाचं एक कपाट आहे मागं, ते आवर्जून बघा. पास होऊन गेलेली पोरं ड्राफ्टर, बोर्ड, रोलर स्केल, फ्रेंच कर्व्ह, टेम्प्लेट इथं ठेवून जातात आणि चाचा ते थोडं मार्जिन घेऊन नवीन पोरांना देतात. पण तपासून देतात, आणि कसं तपासायचं ते शिकवतात, हे मला फार आवडलं. सेटस्क्वेअर खरा नव्वदचा आहे का बघायचं असेल तर सरळ पट्टीवर ठेवून उभी रेघ मारायची, मग तोच सेटस्क्वेअर उलटा करून त्याच बिंदूतून परत रेघ मारायची, दोन्ही एकमेकीवर बसल्या तर चांगला, वर जाऊन फाकल्या तर टाकून द्यायचा. मिनी ड्राफ्टर बोर्डाला आवळून डावीकडं एक आडवी रेघ मारायची, मग हात न फिरवता उजवीकडं नेऊन त्याच उंचीला परत मारून बघायची, आणि स्क्रू ढिले आहेत का ते हलवून बघायचं. नवीन ड्राफ्टरसुद्धा असा तपासून घ्या, नवीन म्हणजे बरोबरच असतो असं काही नाही. मी जुनाच घेतला होता, अजून चालतोय.

पेनांबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथं पोरांचे पैसे वाया जातात. सीनियरच्या हातात रोट्रिंगचे आयसोग्राफ (शाई भरायचे ड्रॉइंगचे पेन) बघितले की आपल्याला पण तेच पाहिजे वाटतं. पेन उत्तम आहेत, रेघ एकसारखी येते, पण ते सांभाळायला लागतात. ०.१ ची निब म्हणजे केसासारखी, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, टोपण नीट लावलं नाही तर शाई निबमध्येच वाळते आणि मग पाण्यात घालून बसा. चाचा सांगतात की पहिल्या वर्षी वापरून टाकायचे फाइनलायनर घ्या, ०.१, ०.३ आणि ०.५ एवढे तीन बास, हाताला वजन कळू द्या, दुसऱ्या वर्षाला वाटलं तर आयसोग्राफ घ्या, आणि घेतलेत तर निब वर करून ठेवा, काम नसेल तेव्हा धुऊन ठेवा. तीन जाडी का, तर सेक्शनमध्ये कापलेली भिंत जाड, मागं दिसणारी पातळ, फर्निचर आणि टाइल्स त्याहून पातळ, एवढं सांभाळलं तरी शीट लांबून वाचता येते. पेन्सिल सगळा सेट नका घेऊ. कन्स्ट्रक्शन लाइनला (आधी मारायच्या फिक्या रेघांना) टू-एच, फायनलला एच किंवा एचबी, स्केचिंगला टू-बी आणि फोर-बी, झालं.

कटर आणि ब्लेड इथूनच घ्या, आणि ब्लेड जास्त घ्या. मॉडेलमध्ये बोटं कापतात ती नव्या ब्लेडनं कमी आणि बोथट ब्लेडनं जास्त, कारण बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की घसरतो. चाचा ब्लेड विकताना प्रत्येक नवीन पोराला माउंट बोर्डाचा (जाड पुठ्ठ्याचा) तुकडा देऊन कापायला लावतात. स्टीलची पट्टी ठेवायची, प्लास्टिकची नाही (ब्लेड तिच्यात घुसतं), हात पट्टीच्या मागं, आणि एकाच वेळी आरपार कापायचं नाही, हलक्या हातानं तीन-चार वेळा त्याच रेघेवरून जायचं. टोक बोथट झालं की लगेच मोडून पुढचं काढायचं. मोडलेली टोकं टाकायला काउंटरवर जुना डबा ठेवलाय. मी एवढं बारीक शिकवणारं दुसरं दुकान बघितलं नाही, आणि वर्कशॉपच्या तासाला चाळीस जणात प्रत्येकाच्या हाताकडं बघायला कोणाला वेळ मिळत नाही हे पण खरं.

मॉडेलच्या सामानात माउंट बोर्ड, सनबोर्ड, फोमबोर्ड, कॉरुगेटेड शीट, कॉर्क, बाल्सा, ॲक्रिलिक, सगळं मिळतं, आणि मुख्य म्हणजे तुकडे मिळतात. अख्खी शीट घ्यायला लावत नाहीत. कंटूर मॉडेल (उंचसखल जमिनीचं, थरावर थर लावून केलेलं) करायचं असेल तर भैया आधी स्केल विचारतो, कारण जाडी त्यावर ठरते, १:२०० ला एक-एक मीटरचं कंटूर असेल तर थर पाच मिलिमीटरचा पाहिजे, १:५०० ला दोन मिलिमीटरचा, आणि पोरं काय करतात, जे स्वस्त दिसेल ते घेतात आणि मग टेकडीचा डोंगर होतो. चिकटवायचं पण सांगतात. थर्माकोलला फेविक्विक लावलं की थर्माकोल वितळतंय, ॲक्रिलिकला लावलं की कडेला पांढरट धूर बसल्यासारखं होतं आणि ते जात नाही. माउंट बोर्डाला फेविकॉल, पण अगदी पातळ, आणि वाळेपर्यंत वजन ठेवायचं, नाहीतर बोर्ड वाकतो.

थर्ड इयरला बांधकामाच्या विषयात मी माळवदाच्या घराचं सेक्शन मॉडेल केलं, ते या दुकानाशिवाय झालंच नसतं. आमच्या भागात जुनी घरं माळवदाचीच. दगड-मातीची जाड भिंत, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या, पाला आणि मग पांढऱ्या मातीचा थर, दर पावसाळ्याच्या आधी लोक त्यावर अजून माती टाकतात, म्हणजे वर्षागणिक छत जड होत जातं. उन्हाळ्यात आत गार, त्याला तोड नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, ६.२ च्या आसपासचा, तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली ती बरीचशी अशाच घरांच्या भिंती कोसळून. माझ्या मॉडेलचा विषय तोच होता, की भिंत बाहेरून एक दिसते पण आत दोन वेगळे पापुद्रे असतात, मधे माती आणि बारीक दगड, आणि दोन्हीला बांधून ठेवणारे आरपार दगड, ज्याला पुस्तकात थ्रू स्टोन म्हणतात, ते घातलेलेच नसतात. हादरा बसला की दोन्ही पापुद्रे फाकतात आणि वरचा भार खाली. मी १:२० ला करायचं ठरवलं, म्हणजे तीन फुटाची भिंत साडेचार सेंटिमीटर होते, तेवढ्यात दगड दाखवता येतात. मी फोमवर दगडाचा छापील कागद चिकटवायचा विचार घेऊन दुकानात गेले होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना किल्लारीचं चांगलं आठवत होतं, आणि म्हणाले की खरी माती चाळून फेविकॉलमध्ये कालव, खरी बारीक खडी घे, भिंत रच, चिकटवू नको. आणि आरपार दगडांसाठी सनबोर्डाच्या लाल पट्ट्या त्यांनी स्वतः कापून दिल्या, तुकड्यातल्या, पैसे न घेता. भिंत रचताना मला जे कळलं ते लेक्चरमध्ये ऐकून कळलं नव्हतं, थ्रू स्टोन नसलेली बाजू मॉडेलमध्येसुद्धा बोटानं ढकलली की पोट काढायची. ज्युरीला बाहेरून आलेल्या मॅडमनी पण बोटानं ढकलून बघितली आणि मग अर्धा तास भिंतीवरच बोलल्या, दुसऱ्यांच्या वेळेत पण.

मोजमापाचं सामान भाड्यानं मिळतं हे फार कमी जणांना माहीत आहे म्हणून मुद्दाम सांगते. तीस मीटरचा टेप, ओळंबा, लेसर मीटर, आणि नक्षीची कड उतरवायची ती दातऱ्यांची पट्टी, म्हणजे प्रोफाइल गेज. कॉलेजचं आयडी आणि थोडं डिपॉझिट घेतात. मेझर्ड ड्रॉइंगच्या (जुनी वास्तू मोजून कागदावर काढायच्या) वेळी आमच्या ग्रुपनं सेलू तालुक्यातली वालूरची बारव घेतली होती, जिच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात ती, आणि निघायच्या आधी भैयानं सांगितलं की लेसरवर भरवसा ठेवू नका, दुपारच्या उन्हात ठिपका दिसत नाही, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या, आणि टेप न्याच. अगदी तसंच झालं. अकरानंतर लेसर पिशवीत गेला आणि टेप आणि ओळंब्यावर काम चाललं. फिरत जाणारी पायरी मोजायची म्हणजे मधे एक स्थिर बिंदू धरून प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं घ्यायची, आणि खाली उतरत जाईल तसं प्रत्येक पायरीची उंची वेगळी लिहायची, कारण जुन्या कामात दोन पायऱ्या सारख्या धरल्या की खाली जाईपर्यंत हिशोब कुठल्या कुठं जातो. चौकोनी खोली असली तरी कर्ण घ्यायचेच, कोपरा नव्वदचा आहे असं डोळ्यानं ठरवायचं नाही. मराठवाड्यात शिकतोय याचा हा मोठा फायदा आहे आणि आपल्या पोरांना तो वाटतच नाही. वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलेलं, दौलताबादचा किल्ला, पाणचक्की आणि तिला पाणी आणणारी जमिनीखालची नहर, नळदुर्गचा पाणी महाल, औंढ्याचं देऊळ, एवढं सगळं एसटीच्या अंतरावर आहे, आणि पोरं केस स्टडीला परदेशातल्या इमारतीचे फोटो चिकटवतात. कैलास बघताना एकच विचार करा की इथं नंतर भर घालायची सोयच नव्हती, जे काढलं ते काढलं, म्हणजे कोरणाऱ्यांच्या डोक्यात सेक्शन आधीपासून किती पक्का असला पाहिजे.

आता प्लॉटिंग, ज्यासाठी बहुतेक लोक इथं येतात. दर इतर ठिकाणांसारखाच आहे, थोडाफार इकडं तिकडं. फरक असा आहे की भैया फाइल उघडून बघितल्याशिवाय प्रिंट सोडत नाही. शीटची साइज, स्केल, लाइनवेट (रेघांची जाडी), फॉन्ट उडालेत का, नॉर्थ (उत्तरेचा बाण) आहे का. एवढंच नाही, पहिली शीट निघाली की तो तुमच्यासमोर तिच्यावर स्केल लावून एखादं माप तपासतो. हे किती महत्त्वाचं आहे ते ज्याच्या शीटा बिघडल्यात त्यालाच विचारा. आमच्या बॅचच्या एका मुलीनं सेकंड इयरला दुसऱ्या एका ठिकाणी घाईत प्रिंट काढली, तिथल्या माणसानं फिट टू पेज (कागदात बसेल असं लहान करून) ठेवून सोडून दिलं, शीट दिसायला छान, पण १:१०० चं स्केल गेलं, दहा मीटरच्या भिंतीला पट्टी लावली की नऊ मीटर साठ दाखवत होती, आणि ज्युरीत पहिल्याच मिनिटाला सरांनी पट्टी लावली. तिच्या डिझाइनवर मग कोणी बोललंच नाही. आठवडाभर झोपली नव्हती ती पोरगी. मला अजून वाईट वाटतंय तिचं.

आणि ज्या गोष्टीसाठी मी या दुकानाला मनापासून मानते ती म्हणजे दोन दिवस आधीचा दर. सबमिशनच्या दोन दिवस आधी प्लॉटला आलात तर चाचा दर कमी लावतात, आदल्या दिवशी नेहमीचा दर. आदल्या रात्री आलात तरी नेहमीचाच, जास्त घेत नाहीत, पण टोकन घेऊन रांगेत. मी एकदा विचारलं की चाचा, पोरं अडलेली असतात तेव्हा तर बाकीचे डबल घेतात. ते म्हणाले, "बेटा, अडे हुए से क्या लेना. पर जल्दी आये तो बच्चा सोता तो है." त्यांनी कितीतरी बॅचा बघितल्यात. प्रत्येक वर्षी दोन-तीन पोरं सबमिशनच्या आठवड्यात आजारी पडतात, कोणी सलाइनवर जातं, कोणी गाडीवर डुलकी लागून पडतं, आणि आमच्यात याचं कौतुक होतं, की अमक्यानं तीन रात्री काढल्या. मला हे अजिबात मान्य नाही. तीन रात्री जागून काढलेली शीट आणि आधी संपवून झोपून आलेल्याची शीट शेजारी लावून बघा, जागलेल्याच्या सेक्शनमध्ये जिन्याला हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) नसतो. डिझाइन बदलत राहायचा मोह शेवटच्या दिवसापर्यंत असतोच, तो आवरून "आता हेच" म्हणायला शिकणं हा या कोर्सचा सगळ्यात अवघड भाग आहे, ड्रॉइंगपेक्षा अवघड, आणि कुठल्याच पेपरला तो विचारत नाहीत. मला तरी तो या दुकानाच्या कमी दरानं शिकवला, कारण पैसे वाचवायचे होते म्हणून मी दोन दिवस आधी थांबायला लागले, आणि मग मॉडेल धड व्हायला लागलं, आणि मग ज्युरीत बोलायला तोंडात शब्द यायला लागले.

मुलींसाठी आणि मुलींच्या घरच्यांसाठी एक वेगळं सांगते. सबमिशनच्या काळात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, आणि वरच चाचांचं घर आहे. रात्री आठनंतर मुली आल्या तर चाची खाली येऊन आत बसतात, चहा देतात, मुलींचं काम आधी सोडतात आणि रिक्षा ओळखीची बोलावून देतात. माझी मम्मी पहिल्या वर्षी फार घाबरायची, एकदा तिला इथं घेऊन आले, चाचीशी ती तासभर बोलत बसली, नंतर तिनं रात्री फोन करून कुठं आहेस विचारलं आणि मी दुकानात आहे म्हटलं की बरं म्हणून ठेवायची.

आता ज्या गोष्टी कमी आहेत त्या पण लिहायला पाहिजेत. लेसर कटिंग इथं होत नाही, फाइल घेऊन दुसरीकडं पाठवतात आणि त्यात एक दिवस जातो, कधी दीड, आणि थिसिसच्या मोसमात ते भरवशाचं नाही, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) किंवा ॲक्रिलिक कापून घ्यायचं असेल तर स्वतः जाऊन बसलेलं बरं. कलर प्लॉट फार चांगला येत नाही, हिरवा रंग काळपट पडतो आणि फोटोतलं आकाश पट्ट्यापट्ट्यानं येतं, रेंडरची शीट असेल तर आधी छोट्या ए-फोरवर नमुना काढून घ्या, भैया तेवढं करून देतो. प्लॉटर दोनच, त्यातला एक जुना, आणि लाइट गेली की दोन्ही बंद, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि बिलाचा कॉम्प्युटर चालतो. बसायला जागा नाही. मे महिन्यात आत उभं राहवत नाही. शीट गुंडाळून न्यायला पुठ्ठ्याची नळी पाहिजे असेल तर ती कायम संपलेली असते, पावसाळ्यात आपली नळी घेऊनच जा.

उधारीबद्दल. चाचा उधार देतात, वहीत लिहून ठेवतात, व्याज नाही की तगादा नाही. खेड्यावरून आलेल्या पोरांचे पैसे कधी मोंढ्यात माल विकल्यावरच येतात हे त्यांना माहीत आहे. पण पास होऊन गेलेल्या काही जणांची पानं तशीच पडलेली आहेत, आता पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत ते. तुमचं पान असेल तर या, भरून टाका, किंवा भैयाला फोन करून पाठवून द्या. उधारी बुडवली की पुढच्या पोरांचा रस्ता बंद होतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कलर प्लॉटचा कापला.

पहिल्यांदा जाताना कॉलेजची यादी घेऊन जा, पण त्यातलं काही आधी दुसरीकडं घेऊ नका. शक्यतो सकाळी जा, अकराच्या आत, तेव्हा चाचांना बोलायला वेळ असतो आणि जुन्या कपाटातलं निवांत बघता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते कपाट लवकर रिकामं होतं. प्लॉटसाठी पीडीएफ करूनच न्या आणि सोबत डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) पण ठेवा, काही बिघडलं तर भैया तिथंच दुरुस्त करतो. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी बंद असतं, अडीचनंतर उघडतं. लेसर मीटर एकच आहे, सुट्टीच्या दिवशी पाहिजे असेल तर चार-पाच दिवस आधी नाव लिहून या.